साग मोजणारा प्राध्यापक

आलापल्ली सोडून भामरागडची वाट धरली की थोड्याच अंतरावर सागाचे राज्य सुरू होते. सरळसोट वाढलेला, पावसाळ्यात ताटाएवढ्या पानांनी डवरलेला आणि ऐन उन्हाळ्यात जवळजवळ निष्पर्ण होणारा साग. याच रस्त्यावर ‘वनवैभव’ या नावाने ओळखला जाणारा जुन्या झाडांचा एक लहानसा टापू राखून ठेवलेला आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पुढे हेमलकसा लागते आणि मग भामरागड. तेथे पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या इंद्रावतीला भेटतात. पलीकडचा तीर छत्तीसगडचा, अबूझमाडच्या डोंगरांचा.

या अरण्यात माडिया गोंड पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. परंतु कोणते झाड तोडायचे आणि कोणते राखायचे, गुरे कोठे चारायची, बांबू कोणाच्या मालकीचा, या प्रश्नांची उत्तरे ज्या चौकटीतून दिली गेली ती चौकट येथे घडलेली नव्हती. राखीव वन आणि संरक्षित वन, तोडीचे कूप, घेराप्रमाणे पाडलेले झाडांचे वर्ग, दहा-वीस वर्षांची कार्य आयोजना, या साऱ्याची मुळे शोधत गेले तर वाट ऱ्हाइन नदीच्या काठावरील बॉन या विद्यापीठनगरीत आणि तेथील वनस्पतिशास्त्राच्या एका तरुण अध्यापकापाशी पोहोचते. त्यांचे नाव डीट्रिश ब्रँडिस. भारतीय वनखात्याचे संस्थापक म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. गावकऱ्यांसाठी वेगळी वने हवीत, हा आग्रह धरून त्यात ते हरले, याची आठवण मात्र फारशी काढली जात नाही.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी बॉन येथे झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीसच्या नव्या राजाच्या निमंत्रणावरून ते काही काळ अथेन्सला गेले आणि मुलालाही बरोबर घेऊन गेले. तेथील उघड्या, रखरखीत टेकड्यांवर वनस्पती गोळा करण्याचा छंद कुमारवयातील डीट्रिशला जडला. पुढे कोपनहेगन, गटिंगेन आणि बॉन येथे शिक्षण झाले. १८४८ साली डॉक्टरेट मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते बॉन विद्यापीठात शिकवू लागले. ही अध्यापकी जर्मन पद्धतीची होती. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर भागवायचे आणि प्राध्यापकपदाची वाट पाहायची. वनस्पतींचे रसायनशास्त्र हा त्यांचा विषय होता. वनाधिकारी होण्याचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

त्यांना पूर्वेकडे आणले ते विवाहाने. १८५४ साली त्यांनी रेचल मार्शमन यांच्याशी लग्न केले. रेचल या बंगालमधील सेरामपूर मिशनचे जोशुआ मार्शमन यांच्या कन्या. मराठी वाचकाला सेरामपूर परके नाही. मार्शमन यांचे सहकारी विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण १८०५ साली तेथेच छापून काढले होते. रेचल यांचे पहिले पती व्हॉइट हे सेरामपूरचे डॉक्टर आणि वनस्पतिज्ञ होते. रेचल यांच्या बहिणीचे यजमान म्हणजे हेन्री हॅवलॉक, १८५७ मध्ये कानपूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करणारा सेनानी. या नात्यागोत्यातून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्यापर्यंत गेले. १८५६ च्या आरंभी ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवनांचे अधीक्षक म्हणून ब्रँडिस रुजू झाले, तेव्हा त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते.

पेगू प्रांत इंग्रजांनी १८५२ च्या युद्धात जिंकला होता आणि त्याची खरी दौलत साग होती. इंग्लंडचे ओक वृक्ष संपत आले होते आणि जहाजबांधणीला सागासारखे दुसरे लाकूड नव्हते. रंगूनच्या लाकूड व्यापाऱ्यांनी जंगलात मनमानी तोड चालवलेली. किती साग आहे, किती तोडला तर पुरेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. नकाशे नव्हते, रस्ते नव्हते, हाताखाली शिकलेला माणूस नव्हता.

या अडचणीतून ब्रँडिस यांनी काढलेली युक्ती वनशास्त्राच्या पुस्तकांत अजूनही सांगितली जाते. ते हत्तीवर बसून डोंगराच्या धारेने एका रेषेत जात. डाव्या हातात बांबूच्या चार कांबट्या, उजव्या हातात खिशातला चाकू. सागाचे चार वर्ग त्यांनी ठरवले होते. सहा फूट आणि त्याहून अधिक घेराची झाडे पहिल्या वर्गात, त्याखालची घेर उतरत जाईल तशी पुढच्या वर्गांत. दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्यात साग दिसला की ज्या वर्गाचा तो असेल त्या कांबटीवर एक खाच पाडायची. पावसात कागद भिजतो, वही हातातून निसटते, शाई पसरते. बांबूवरची खाच पुसली जात नाही. दिवसाकाठी कित्येक मैलांचा हिशेब असा कांबट्यांवर जमे आणि संध्याकाळी मुक्कामावर तो वहीत उतरे.

या मोजणीतून त्यांनी तोडीचे गणित बांधले. दुसऱ्या वर्गातील झाडाला पहिल्या वर्गात पोहोचायला जितकी वर्षे लागतात तितके भाग पहिल्या वर्गाच्या झाडांचे करायचे आणि दर वर्षी त्यातला एकच भाग तोडायचा. शेवटचा भाग तुटेपर्यंत मागची झाडे त्या जागी आलेली असतात. व्याजावर जगावे, मुद्दलाला हात लावू नये, हे जर्मन वनशास्त्रातले सूत्र होते. उष्ण कटिबंधातील, शेकडो जातींच्या मिश्र अरण्याला ते लागू करणे हे ब्रँडिस यांचे काम. ते हिशेबाने अचूक होते, पण त्यात एक गोष्ट गृहीत होती. जंगल म्हणजे साग, आणि उरलेले सारे त्याच्या भोवतालचे. मोह, तेंदू, चारोळी, बांबू, कंदमुळे यांच्यावर जगणाऱ्या माणसाची मोजणी निराळी असते, तिच्यासाठी पाचवी कांबटी नव्हती.

ब्रह्मदेशातील केरेन लोक डोंगरउतारावर जंगल तोडून, जाळून तेथे एक-दोन वर्षे धान घेत आणि पुढे सरकत. भामरागडच्या माडियांची पेंडा शेती तीच. प्रथमदर्शनी ब्रँडिस यांनाही हा सागाचा शत्रूच वाटला. परंतु बंदी घालण्याऐवजी त्यांनी वाटाघाटीचा मार्ग धरला. केरेनांनी आपल्या शेतात धानाबरोबर सागाचे बी टोकावे, धान त्यांचे, रोपे सरकारची. जितकी रोपे जगतील त्याप्रमाणे मोबदला. ‘टाँग्या’ या ब्रह्मी नावाने ही पद्धत जगभर गेली. तीतून केरेनांची भटकंती हळूहळू सरकारी लागवडीला जुंपली गेली आणि जमिनीवरचा हक्क त्यांच्या हातून सुटला, हे अलीकडच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. त्या काळच्या इतर अधिकाऱ्यांशी तुलना केली तर मात्र ब्रँडिस यांनी निदान त्या शेतकऱ्याशी बोलणे केले, एवढे मान्य करावे लागते.

१८६२ साली त्यांना हिंदुस्थान सरकारने बोलावून घेतले आणि १८६४ साली ते देशाचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्यापूर्वी येथे काहीच नव्हते असे नाही. मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ पासून वनसंरक्षक होते आणि मद्रासकडे डॉ. क्लेगहॉर्न यांनी काम उभे केले होते. पण आता निकड वेगळी होती. रेल्वेच्या एका मैलाला अठराशे ते दोन हजार स्लीपर लागत आणि रूळ तर हजारो मैल पडायचे होते. टिकाऊ स्लीपर देणारी झाडे तीनच, साग, साल आणि देवदार. १८६१ साली नागपूरसह मध्य प्रांत स्थापन झाला. तेथील वनखाते कॅप्टन पिअर्सन यांच्याकडे होते आणि ब्रँडिस यांच्या दौऱ्यांत हा प्रांत वारंवार आला.

चांदा जिल्हा त्या वेळी नुकताच रक्तरंजित काळातून बाहेर पडला होता. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांना ऑक्टोबर १८५८ मध्ये चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले होते. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे अहेरीची विस्तीर्ण जमीनदारी पसरलेली आणि भामरागडचा मुलूख तिच्यात मोडणारा. सरकारी जंगलात फिरत्या शेतीला आळा बसू लागला तरी जमीनदारीच्या दूरच्या कोपऱ्यात कायद्याचा हात उशिरा पोहोचला. चौकट तयार होत होती. ती भामरागडपर्यंत येण्यास काही दशके लागणार होती.

मध्य प्रांतातच वणव्याचा मोठा प्रयोग झाला. होशंगाबादकडील बोरीच्या जंगलात पिअर्सन यांनी जाळरेषा काढून आग बाहेर ठेवून दाखवली आणि ब्रँडिस यांनी तो नमुना देशभर नेला. आग म्हणजे वनाचा नाश, हे तेव्हा स्वयंसिद्ध मानले गेले. मोहाखालचा पाचोळा जाळणारा गोंड, तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून रान पेटवणारा माणूस, हे सारे त्यामुळे गुन्हेगार ठरले. काही दशकांनी उलटी शंका उपस्थित झाली. ब्रह्मदेशातील एका वनाधिकाऱ्याने १८९६ साली असे मांडले की वणव्यापासून पूर्ण राखलेल्या ओलसर जंगलात सागाची नवी रोपे येतच नाहीत, बांबू आणि इतर झाडे त्यांना दाबून टाकतात. आग कोठे, केव्हा आणि किती, हा प्रश्न वनपरिस्थितिकीत तेव्हापासून जो उघडला तो मिटलेला नाही.

ब्रँडिस यांच्यातील संशोधक कचेरीच्या कामात बुडाला नाही, हे विशेष. १८७२ साली त्यांनी भारतातील वनांच्या वाटणीवर निबंध लिहिला आणि पाऊसमानाच्या पट्ट्यांनुसार वनांची मांडणी केली. शुष्क, कोरडा, ओलसर असे पट्टे; प्रत्येकात कोणती झाडे टिकतात, कोणती केवळ नदीकाठी तग धरतात, याची संगती. पुढे भारतातील वनप्रकारांचे जे वर्गीकरण झाले त्याच्या मुळाशी ही दृष्टी आहे. १८७४ साली त्यांचा वायव्य व मध्य भारताच्या वनवृक्षांवरील ग्रंथ आला. तो डॉ. स्ट्युअर्ट यांनी आरंभला होता; ब्रँडिस यांनी लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिसंग्रहात बसून तो पुरा केला. १८७५ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

पाऊस आणि वन यांच्या नात्याचा हाच प्रश्न पुढे वेगळ्या वळणावर गेला. हवामानखात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८७ साली मध्य प्रांताच्या दक्षिण भागातील पावसाच्या नोंदी तपासल्या. फिरती शेती थांबवल्यानंतर तेथे पाऊस वाढला, असे त्यांना त्या आकड्यांत दिसले. इतक्या थोड्या वर्षांच्या नोंदींवरून आज कोणी अभ्यासक असा निष्कर्ष काढणार नाही. दुष्काळाची दोन-तीन वर्षे एका बाजूला पडली तरी सरासरी बदलते. पण त्या काळी या तर्काला वजन होते आणि ते डोंगरावर कोदो-कुटकी पेरणाऱ्या माणसाच्या विरुद्ध पारड्यात पडले.

खरी लढाई कायद्याची झाली. १८६५ चा पहिला वनकायदा घाईत झालेला आणि अपुरा होता. नव्या कायद्याचा मसुदा घडत असताना सरकारात तीन मते होती. बेडन-पॉवेल यांचे म्हणणे असे की, लेखी दिलेला हक्क तेवढाच हक्क. बाकी गावकरी जंगलात जे करत आले ती सरकारने चालू दिलेली सवलत, आणि ती केव्हाही काढून घेता येते. मद्रास सरकारचे मत नेमके विरुद्ध, जंगले पूर्वापार गावांचीच आहेत. ब्रँडिस या दोहोंच्या मध्ये उभे होते. मोक्याची आणि मौल्यवान वने सरकारने आपल्याकडे पूर्णपणे घ्यावीत, पण त्याआधी रूढ हक्कांची चौकशी व्हावी. आणि उरलेल्या भागांतून गावागावांसाठी ग्रामवने वेगळी काढून त्यांचा कारभार गावाकडे द्यावा. जर्मनी आणि फ्रान्समधील गावांच्या मालकीची सुस्थितीतली वने त्यांनी पाहिली होती. राजपुतान्यात आणि कुर्गमध्ये त्यांना देवराया आढळल्या आणि त्यांवर त्यांनी पुढे लिहिलेही. सरकारी पहारेकऱ्याशिवाय शतकानुशतके टिकलेले वन डोळ्यांसमोर असताना गावाला वन सांभाळता येत नाही असे म्हणणे त्यांना पटणारे नव्हते.

१८७८ साली कायदा झाला. त्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग आले खरे, परंतु आत्मा बेडन-पॉवेल यांचा होता. ग्रामवनाचे प्रकरण कायद्यात राहिले आणि बहुतेक ठिकाणी तेथेच राहिले. त्याच कायद्यात झाड या शब्दाच्या व्याख्येत बांबूलाही बसवण्यात आले. बांबू हे गवत आहे हे ब्रँडिस यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार! त्यांनीच १८९९ साली भारतीय बांबूंच्या जीवनक्रमावर अभ्यासपूर्ण टिपणे प्रसिद्ध केली. पण कायद्याचे वनस्पतिशास्त्र वेगळे असते, आणि त्याची किंमत गडचिरोलीच्या जंगलातील बुरडाने आणि माडियाने पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ मोजली.

महाराष्ट्रात या कायद्याला विरोध झाला, तो दोन अगदी निराळ्या दिशांनी. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ सालीच सरकारकडे अर्ज करून असे सुचवले की, सरकारी ताब्याऐवजी गावकऱ्यांना झाडे राखण्यास उत्तेजन द्यावे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्यावर कोरडे ओढले. डोंगर, दऱ्या, गायराने खात्याच्या घशात गेल्यावर गरिबाच्या शेळीला चरायला जागा उरली नाही, हे त्यांचे दुखणे होते. हा ग्रंथ १८८३ साली पूर्ण झाला. त्याच वर्षी ब्रँडिस निवृत्त झाले. ज्या खात्याने शेतकऱ्याचे रान गिळले असे फुले म्हणत होते त्याच्या संस्थापकाचे ग्रामवनांबाबतचे म्हणणे त्याच खात्याच्या कपाटात बंद होते, हा योगायोग नोंदवावासा वाटतो.

निवृत्तीपूर्वी त्यांनी दोन टिकाऊ गोष्टी केल्या. १८७८ साली डेहराडूनला वनशाळा उघडली आणि भारतीय तरुणांना वनक्षेत्रपालाचे शिक्षण मिळू लागले. जर्मनीतून श्लिख आणि रिबेनट्रॉप या दोघांना त्यांनी १८६६ साली आणले होते. त्यांच्यामागून वनमहानिरीक्षकाची खुर्ची एकामागोमाग एक याच दोघांकडे गेली.

त्यानंतर ब्रँडिस पुन्हा बॉनला परतले. आता ते खऱ्या अर्थाने प्राध्यापक झाले, फक्त वर्गखोली जंगलात होती. भारतीय वनसेवेसाठी इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या तरुणांना ते दर वर्षी जर्मनीच्या वनांतून पायी हिंडवीत, प्रत्येकाकडून टिपणे लिहून घेत आणि ती तपासून परत करीत. गिफर्ड पिंचॉ नावाचा एक अमेरिकन तरुणही १८८९ साली त्यांच्याकडे आला. पुढे १९०५ मध्ये तो अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला आणि आयुष्यभर ब्रँडिस यांना गुरू मानत राहिला. पेगूच्या कांबट्यांवरचा धडा अशा रीतीने अटलांटिकपलीकडे गेला.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी शेवटचे मोठे काम हाती घेतले. ब्रिटिश हिंदुस्थानातील झाडे, झुडपे, वेली, बांबू आणि ताडवर्ग यांचा एकच ग्रंथ. त्यासाठी ते क्यू येथे वर्षानुवर्षे वाळवलेले नमुने पाहत बसले. चार हजारांहून अधिक जातींची माहिती देणारा हा ग्रंथ १९०६ साली निघाला, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्या वर्षी, २८ मे १९०७ रोजी, जन्मगावी बॉनमध्येच त्यांचे निधन झाले.

त्यांची चौकट मात्र त्यांच्या मागे चालत राहिली. १८७८ च्या कायद्याची जागा १९२७ च्या कायद्याने घेतली. ग्रामवनाचे प्रकरण त्यातही उतरले आणि त्यातही बव्हंशी निजून राहिले. १९५० च्या कायद्याने जमीनदाऱ्या संपल्या आणि अहेरीचे रान, भामरागडसह, सरकारी वन झाले. चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला. १९८२ साली त्यातून गडचिरोली वेगळा झाला. या काळात भामरागडच्या माडियांनी घरासाठी चार बांबू आणले तरी ते कायद्याच्या दृष्टीने सरकारी झाड तोडणे होते.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला आणि त्यात बांबू गौण वनोपजात आला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, अठराशे हेक्टरांवर. तरीही बांबू बाहेर नेण्याचे परवाने वनखात्याकडेच होते. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येत दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून निघाला तो आणखी उशिरा, २०१७ मध्ये. एव्हाना गडचिरोली जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांचे सामूहिक हक्क मान्य झाले आहेत आणि अनेक ग्रामसभा तेंदू व बांबूची विक्री स्वतः करतात.

हक्कापाठोपाठ आराखडा येतो. किती तोडायचे, किती राखायचे हे आता गावाने ठरवायचे आहे आणि त्यासाठी आधी काय आहे ते ठाऊक हवे. मोहाची झाडे किती, तेंदू कोठे, बांबूची बेटे किती, सागाची कोवळी रोपे येतात की नाही. छातीइतक्या उंचीवर फीत गुंडाळून घेर घ्यायचा आणि वहीत नोंदवायचा.